गव्हाणीजवळचा अपघात (श्रमिकांचे कायदे : लेखांक सातवा)

ज्या नगर जिल्ह्यास आता आपण अहिल्यानगर म्हणतो, त्या जिल्ह्यात १९५० साली लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि तेव्हापासून दरसाल गळीत हंगाम सुरू झाला की गव्हाणीच्या साखळीपासून बॉयलरच्या झडपेपर्यंत कितीतरी हात अशा यंत्रांच्या सान्निध्यात वावरू लागतात, ज्यांना उसाचे कांडे आणि मनुष्याचे बोट यांतील भेद कळत नाही. अशा यंत्रात हात सापडलेला कामगार दवाखान्यातून परतल्यावर पुष्कळदा हेच म्हणतो की, "चूक माझीच होती, साहेबांना काय म्हणून बोल लावू?" या सरळपणाविषयी मला नितांत आदर आहे, परंतु त्याच्या हक्काचा घात याच वाक्याने होतो, कारण आजच्या लेखांकाचा विषय असलेला कायदा चूक कोणाची हे मुळात विचारीतच नाही.

१ जुलै १९२४ रोजी अमलात आलेल्या १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने, मालकाचा निष्काळजीपणा शाबीत करण्याचे ओझे पंगू झालेल्या माणसाच्याच शिरावर ठेवणारी जुनी रीत बाजूस सारली. अपघात कामामुळे आणि कामाच्या ओघात घडला एवढे दिसले की दायित्व मालकाचे. कामगार नशेत असेल, सुरक्षेचा हुकूम त्याने जाणूनबुजून मोडला असेल, किंवा संरक्षक साधन हेतुपुरस्सर काढून टाकले असेल, तर मालकास बचाव मिळतो खरा; पण मृत्यू अथवा कायमची संपूर्ण अक्षमता ओढवल्यास तोही चालत नाही. बेसावधपणा म्हणजे जाणूनबुजून केलेली अवज्ञा नव्हे, हे येथे विशेष ध्यानी धरावे. (२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० अमलात आली असून हा विषय तिच्या सातव्या प्रकरणात गेला आहे, तत्त्व तेच असल्याने आणि त्यापूर्वीच्या अपघातांस जुनाच कायदा लागू असल्याने येथील कलमे व आकडे जुन्या कायद्याचे आहेत.)

आता कोणी म्हणेल की राज्य कामगार विमा योजना असताना या जुन्या कायद्याची मातब्बरी काय? नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतील विमाधारक कामगारास भरपाई विमा महामंडळाकडून मिळते, आणि मग मालकावर वेगळा दावा चालत नाही, हे खरेच. परंतु विम्याच्या कायद्याने हंगामी कारखाने वगळले आहेत, आणि त्या वगळलेल्यांत साखर व गूळ यांचे उत्पादन नावानिशी नमूद आहे. साखरेवर पोसलेल्या आपल्या जिल्ह्यास हा वगळलेला भागच अधिक लागू पडतो, म्हणून येथे भरपाईच्या कायद्याचे महत्त्व अन्य जिल्ह्यांहून अधिक आहे.

भरपाईची आकारणी वेतन आणि वय यांवरून होते. ३ जानेवारी २०२० पासून हिशेबात धरावयाच्या मासिक वेतनाची कमाल मर्यादा १५,००० रुपये आहे. तीस वर्षांच्या, एवढे वेतन असलेल्या फिटरचा मृत्यू झाला तर वेतनाचा निम्मा भाग, म्हणजे ७,५००, त्या वयासाठी परिशिष्टात दिलेल्या २०७.९८ या गुणकाने गुणून १५,५९,८५० रुपये वारसांस मिळतात. कायमची संपूर्ण अक्षमता असेल तर निम्म्याऐवजी साठ टक्के धरून १८,७१,८२० रुपये होतात, आणि अंगठा गेला तर त्या रकमेच्या ३० टक्के, म्हणजे ५,६१,५४६. तरी परिशिष्टातील टक्केवारी ही अखेरची रेषा नव्हे. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराच्या खटल्यात, एका हाताने सुतारकाम होत नाही या साध्या व्यवहारज्ञानाच्या आधारे, सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या डिसेंबरात त्याची अक्षमता शंभर टक्के मानली, आणि रक्कम अपघाताच्या दिवसापासूनच देय होते असेही सांगितले. महिन्याभरात ती न भरल्यास १२ टक्के व्याज, आणि विलंबास सबळ कारण नसल्यास निम्म्यापर्यंत दंड.

मला सर्वांत अधिक बोचते ते पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडून कोयता घेऊन निघणाऱ्या जोडप्यांचे. त्यांची उचल मुकादमाकडे आणि ऊस कारखान्याचा. मग मालक कोणास म्हणावे? बाराव्या कलमाने कंत्राटदाराच्या माणसांची भरपाई मुख्य मालकाकडून मागता येते, आणि त्याने ती नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी अशी व्यवस्था आहे. परंतु त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमाने, मुख्य मालकाच्या ताब्यातील अथवा त्याने काम पत्करलेल्या आवाराबाहेर घडलेला अपघात वगळला आहे. वजनकाट्यापाशी गाडी अंगावर आली तर कारखान्याला धरता येते, आणि तीच गाडी शेताच्या बांधावर कलंडली तर वाद उभा राहतो. एकाच उसाची एकच मोळी वाहणाऱ्या माणसाचे संरक्षण काही कोसांच्या अंतरात असे पातळ व्हावे, हा मला कायद्याचा उघड दोष वाटतो, आणि अशा प्रसंगी जागेचा पंचनामा व पोचपावतीची वेळ यांवरच सारे अवलंबून राहते.

दावा दोन वर्षांच्या आत, आपल्याकडे नगरच्या कामगार न्यायालयाच्या न्यायाधीशांपुढे, ते भरपाई आयुक्त या नात्याने बसतात तेथे, दाखल करावयाचा. वसुली जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे होऊ शकते. मृत्यूच्या प्रकरणी मालकाने रक्कम परस्पर विधवेच्या हाती दिली तर ती भरपाई म्हणून धरली जात नाही. ती आयुक्तांकडेच जमा करावी लागते. आणि दवाखान्याच्या खाटेजवळ काही हजार रुपये ठेवून "आता कसलीही तक्रार नाही" असा जो कागद सहीसाठी पुढे केला जातो, त्याची आयुक्तांकडे नोंद झाली नसेल तर त्याने हक्क बुडत नाही, आणि रक्कम अपुरी वाटल्यास ते नोंद नाकारू शकतात. ज्याने अशी सही कधी काळी केली असेल त्याने, मुदत शिल्लक असेल तर, हजेरीपत्रकाची नक्कल आणि डॉक्टरांचा दाखला घेऊन अजूनही नगरची वाट धरावी.