वायर जाळली की तांबं मिळतं

गेल्या महिन्यात आम्ही सातवीच्या मुलांना घरातली बंद पडलेली विजेची उपकरणे मोजून आणायला सांगितली. मोबाइल, चार्जर, रिमोट, मिक्सर. एका घरी तर अब्बांच्या निकाहातला टेपरेकॉर्डर! याचे पुढे काय होते, असे विचारल्यावर मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, भंगारवाल्याला देतात. वायर जाळली की तांबं मिळतं."

उत्तर चुकीचे नव्हते. फक्त धुराचा हिशेब त्यात नव्हता. तो कळण्यासाठी आफ्रिकेतल्या घाना देशाच्या राजधानीची, अक्राची गोष्ट सांगावी लागली.

तिथे ओडॉ नदीच्या काठी आग्बोग्ब्लोशीचा मोठा भंगारबाजार होता. देशाच्या उत्तरेकडून पोटासाठी आलेली तरुण मुले, त्यांतली पुष्कळशी मुस्लिम घरांतली, केबलची भेंडोळी पेटवून तांबे काढत. सरपण म्हणून जुन्या फ्रिजमधला फोम! प्लॅस्टिक जळले की डायॉक्सिन नावाचे विष तयार होते, मातीत उतरते. 2019 मध्ये त्या परिसरात चरणाऱ्या कोंबड्यांची अंडी तपासली गेली. तिथले एक अंडे खाल्ले, तर युरोपने ठरवलेल्या रोजच्या मर्यादेच्या 220 पट डायॉक्सिन पोटात जाते, असे दिसले.

या मुलांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण अक्राचे कारागीर हुन्नरी आहेत. 2009 मध्ये घानात बाहेरून आलेल्या जुन्या उपकरणांपैकी सुमारे 30 टक्के बंद होती. त्यांतली निम्मी तिथल्या कारागिरांनी दुरुस्त करून विकली. वस्तू फेकण्याऐवजी पुन्हा वापरात आणायची, याला हल्ली चक्राकार अर्थव्यवस्था असे भारदस्त नाव आहे. त्यांना ते नाव ठाऊक नसेल, काम ठाऊक होते.

अडते ते बारीक वायरपाशी. 2014 मध्ये तिथे वायर सोलण्याची यंत्रे आली. जाड केबलला ती बरी. बारीक वायर सोलत बसले तर दिवस जातो आणि काडी लावली तर काही मिनिटांत तांबे हाती येते. रोजी त्याच संध्याकाळी हवी असते. 1 जुलै 2021 रोजी सरकारने बाजार पाडला, तेव्हा धंदा आजूबाजूच्या वस्त्यांत पांगला. त्यापेक्षा जर्मनीच्या मदतीने तिथे उभे राहिलेले केंद्र आम्हांला शहाणपणाचे वाटते. ते न जाळलेली केबलच विकत घेते.

आपल्याकडे 1 एप्रिल 2023 पासून नवे नियम लागू आहेत आणि जुन्या मालाच्या विल्हेवाटीची जबाबदारी कंपन्यांवर आहे. तरी आम्ही चार मुलांना घेऊन कोपऱ्यावरच्या भंगाराच्या दुकानात गेलो आणि दोन भाव विचारले: प्लॅस्टिकसकट वायरचा आणि नुसत्या तांब्याचा. दोन्हींत बरेच अंतर निघाले. मुलांनी ते वहीत लिहून घेतले. मागच्या बाकावरच्या त्या मुलाने दुकानदाराला विचारले, "चाचा, न जाळता आणली तर जास्त द्याल का?"

चाचा हसले आणि म्हणाले, "वरचे पैसे मला कोण देईल, बेटा?"