मुन्शी मसराम यांची गोंडी लिपी

आपल्या बालाघाट जिल्ह्यात १९१८ साली एक नवी लिपी तयार झाली, हे मला पन्नाशीपर्यंत ठाऊक नव्हतं. आयुष्य यंत्रांमध्ये गेलं, इतिहास नंतर आला. ती लिपी मी पहिल्यांदा पाहिली तीही आपल्या जिल्ह्यात नाही, तर सीमेपलीकडे, गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला. माघ पौर्णिमेच्या यात्रेला दरेकसा स्टेशनावर उतरलं की गुहेपर्यंतच्या वाटेवर दुकानं लागतात. देवांच्या तसबिरी, पिवळे झेंडे, पुस्तिका, आणि त्यातच एक मुळाक्षरांचा तक्ता. दुकानदार म्हणाला, "ये हमारी लिपी है, मसरामजी की." मी तक्ता घेतला, आणि या लेखाची सुरुवात तिथून झाली.

मुन्शी मंगलसिंह मसराम हे बालाघाट जिल्ह्यातले गोंड. त्यांनी गोंडी भाषेसाठी अक्षरं घडवली. अक्षरांचे आकार त्यांचे स्वतःचे, पण मांडणी आपल्या ओळखीची: आधी स्वर, मग क-वर्ग, च-वर्ग, मग य-र-ल-व. व्यंजनात 'अ' धरलेलाच असतो आणि काना-मात्रेसारखी चिन्हं जोडून बाराखडी होते. आकडेही स्वतंत्र आहेत. क्ष, ज्ञ आणि त्र यांना वेगळी अक्षरं आहेत. रफार आहे, नुक्ता आहे, चंद्रसुद्धा आहे.

इथे माझ्यातला इंजिनिअर अडला. गोंडी ही द्राविडी भाषा. 'एक, दोन, तीन, चार' हे गोंडीत 'उंदी, रंड, मूंड, नालुंग'. तेलुगू येणाऱ्याला यातलं रंड, मूंड, नालुंग लगेच ओळखू येईल. अशा भाषेला 'ष' कशाला हवा? 'ज्ञ' कशाला? गरजेपुरतीच अक्षरं ठेवली असती तर लिपी आटोपशीर झाली असती. बरेच दिवस मी याला रचनेतला दोष समजत होतो. आता तसं वाटत नाही. १९१८ साली हा जिल्हा मध्य प्रांतात होता, राजधानी नागपूर, कचेरीचा कारभार हिंदी-मराठीत, म्हणजे देवनागरीत. ज्याच्या भाषेला लिपी नाही त्याची ती 'बोली', असा तेव्हाचा (आणि आजचाही) समज. त्या समजाला उत्तर द्यायचं तर शाळेच्या तक्त्याच्या तोडीस तोड, एकही घर रिकामं न सोडलेला तक्ता हवा. ज्ञ गोंडी बोलण्यासाठी नसेल, पण वाद जिंकण्यासाठी लागत होता. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. मंडळातल्या कुणाला वेगळं वाटत असेल तर जरूर सांगावं.

ही एकच गोंडी लिपी आहे असंही नाही. आदिलाबादकडच्या गुंजाला गावात जुन्या हस्तलिखितांमध्ये दुसरी एक लिपी सापडली. ती हस्तलिखितं सुमारे १७५०ची मानतात. म्हणजे मसरामांच्या आधीही गोंडी लिहिली जात होती, फक्त इकडे बातमी नव्हती.

मसराम लिपीची पुढची अडचण आपल्याला चांगली कळेल. श्री-लिपीत किंवा कृतिदेवमध्ये केलेली फाईल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली की काय दिसायचं, आठवतं ना? गोंडीचंही तेच झालं. फॉन्ट केले जात, पण आत अक्षर इंग्रजी किंवा देवनागरीचं आणि वर चित्र गोंडीचं. फॉन्ट गेला की मजकूर गेला. यावर उपाय म्हणजे जगातल्या प्रत्येक अक्षराला कायमचा क्रमांक देणारी युनिकोडची यादी. अंशुमन पांडे यांनी तसा प्रस्ताव मांडला आणि जून २०१७ मध्ये युनिकोडच्या दहाव्या आवृत्तीत मसराम गोंडी आली. गुंजाला लिपी पुढच्या वर्षी. त्यात एक बारकावा मला फार आवडला. देवनागरीत पाय मोडणं आणि जोडाक्षर करणं ही दोन्ही कामं एकाच क्रमांकाकडे आहेत. मसराम गोंडीत त्यासाठी दोन वेगळे क्रमांक दिले: डोळ्यांना दिसणारा हलन्त एक, आणि आतून अक्षरं जोडणारा, न दिसणारा दुसरा. आज या लिपीचा फॉन्ट फुकट मिळतो. ९९ वर्षांनी का होईना, बालाघाटच्या अक्षरांना पत्ता मिळाला.

आता दुसरी बाजू. मी घेतलेला तक्ता बैहरकडच्या ओळखीच्या एका गोंड आजोबांना दाखवला. त्यांना तो वाचता येईना, पण नातू पुढे झाला. कुणा कार्यकर्त्याने सुट्टीत त्याला अक्षरं शिकवली होती. त्याने माझ्या वहीत आपलं नाव काढलं, गावाचं नाव काढलं, आणि मी "अजून काहीतरी लिही" म्हटल्यावर एक शब्द लिहिला. मी तक्त्यावर बोट ठेवत वाचला: पानी. आजोबा हसले आणि म्हणाले, "येर." पोराने त्यांच्याकडे पाहिलं. येर म्हणजे गोंडीत पाणी, हे त्याला माहीत होतं की नाही, मी विचारलं नाही. आजोबांकडे भाषा होती पण लिपी नव्हती, नातवाकडे लिपी होती पण भाषा नव्हती.

२०११च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाख आहेत, आणि गोंडांची संख्या एक कोटीच्या वर. भाषा आठव्या अनुसूचीत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ३५०-क प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करा म्हणतो, पण आमच्याकडे शाळा हिंदीची. 'पानी' तिथून येतो.

मग भाषा टिकते कशाने? माझं पहिलं उत्तर होतं, कामाने. शेत, जंगल, मोहाची वेचणी हे चालू राहिलं की शब्द राहतील. पण आपल्याच बैहरचे बैगा हे उत्तर पुरतं टिकू देत नाहीत. बैगांची स्वतःची भाषा केव्हाच गेली, ते छत्तीसगढीच्या वळणाची हिंदी बोलतात. तरी कंदमुळं, औषधी, कोदो-कुटकीची बियाणं यांचं ज्ञान त्यांनी त्याच उसन्या भाषेत पिढ्यान्‌पिढ्या चालवलं. ते ज्ञान जिथे मोडलं तिथे कारण भाषा नव्हती, जंगलाचा कायदा होता. बेवर म्हणजे झाडं तोडून वाळवायची, पावसाआधी जाळायची आणि राखेत बी टाकायचं. नांगर नाही, कारण धरतीमातेला ओरखडायचं नाही. दोन-तीन वर्षांनी तुकडा सोडून पुढे जायचं. इंग्रजांच्या वनखात्याने हे बंद करत आणलं आणि १८९० साली तेव्हाच्या मंडला जिल्ह्यात 'बैगा चक' नावाचा एक तुकडा तेवढा मोकळा ठेवला. आपल्या जिल्ह्यातले बैगा त्याच्या बाहेर राहिले. व्हेरियर एल्विन यांचं 'द बैगा' हे पुस्तक १९३९चं. तोवर बेवर हा बऱ्याच ठिकाणी आठवणीचा विषय झाला होता. तेव्हा भाषा वाचवली की जंगलविद्या आपोआप वाचेल, किंवा उलट, असं कुणी म्हणालं तर मी मान हलवणार नाही. दोन्हींना आपापला रस्ता लागतो. भाषेचा रस्ता शाळेतून जातो आणि विद्येचा जंगलावरच्या हक्कातून.

हे दोन्ही रस्ते एकत्र आणायचा प्रयत्न गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यात मोहगावने केला. तिथल्या ग्रामसभेने २०१९ साली स्वतःची गोंडी माध्यमाची शाळा काढली आणि नावात 'गोटुल' ठेवलं. गोटुल म्हणजे तरुण पोरांनी थोरांकडून रीतभात, गाणी, कामं शिकायची जागा. २०२२ साली शाळा मान्यतेविना आहे म्हणून शिक्षण खात्याची नोटीस आली. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १८ प्रमाणे अशा शाळेला एक लाखापर्यंत दंड, आणि पुढे चालू ठेवल्यास रोज दहा हजार. खाजगी दुकानदारी रोखायला केलेलं कलम अशा शाळेलाही लागतं. ग्रामसभा उच्च न्यायालयात गेली.

मंडळाने गोंडी शब्द नोंदवायचं ठरवलं आहे, त्याबद्दल एक अनुभव. मी आजोबांना अंगणात बसवून झाडांची नावं विचारली तेव्हा जेमतेम दहा-बारा मिळाली, तीही आठवून आठवून. दुसऱ्या दिवशी ते बैल घेऊन नाल्याकडे निघाले तेव्हा मी सोबत गेलो. वाटेत न विचारता नावं येत राहिली, आणि कुठल्या झाडाची साल दोराला, कुठली लाकडं इस्याला चालतात तेही. माझी पेन्सिल पुरी पडली नाही. म्हणून यादीचा छापील नमुना बाजूला ठेवून चालत नोंदी घ्याव्यात आणि प्रत्येक वेळी घरातलं एक पोर सोबत असावं, असं मी सुचवतो. तूर्त नोंद देवनागरीत करू, कारण आपल्याला तीच भरभर लिहिता येते. मसराम लिपीतली प्रत नातू करून देणार आहे. 'येर'पासून सुरुवात केली आहे.