टाक्यांचा हिशेब

कच्छमधल्या सुफ भरतकामात कापडावर आधी नक्षी काढलेली नसते. खडूची रेघ नाही, छापा नाही, नमुन्याचा कागद नाही. बाई कापडाची उलट बाजू समोर घेते, उभे-आडवे धागे मोजते आणि तेवढे धागे सोडून सुई बाहेर काढते. भराव दिसतो तो पलीकडच्या बाजूला. तिथे सपाट, एकमेकांना चिकटून बसलेल्या टाक्यांचे त्रिकोण उमटत जातात. या त्रिकोणालाच सुफ म्हणतात. सगळी नक्षी त्रिकोणांतून उभी राहते, त्यामुळे ती आधी डोक्यात पाहावी लागते, तीही उलटी. एका ठिकाणी एक धागा कमी धरला गेला, तर त्रिकोणाची बाजू कलते, शेजारचा त्रिकोण त्याला भिडत नाही आणि केलेलं काम उसवावं लागतं. १९७१च्या युद्धानंतर सिंधमधल्या थरपारकरहून कच्छमध्ये आलेल्या सोढा आणि मारू मेघवाळ कुटुंबांतल्या बायकांच्या हातांनी हे काम भुजच्या उत्तरेकडच्या गावांत आणलं. त्याला तीक्ष्ण नजर लागते, भरपूर उजेड लागतो आणि घरचं सगळं आवरल्यावर उरणारा वेळ लागतो. धागा न् धागा मोजणाऱ्या या कामात त्या वेळाचं मोजमाप मात्र पूर्वी कुणी ठेवलं नाही.

ठेवण्याचं कारणही नव्हतं. आपल्याकडे रुखवतात मांडलेल्या तोरणाला किती तास लागले, हे जसं कुणी विचारत नाही, तसंच तिथेही होतं. मुलीच्या लग्नासाठी, सासरी न्यायच्या कपड्यांसाठी भरतकाम व्हायचं. त्याला किंमत नव्हती, मान होता. प्रश्न उभा राहिला तो ही वस्तू घराबाहेर पडून दुकानात गेली तेव्हा. वस्तूला दर आला, पण तिच्यामागचा वेळ ‘रिकामाच’ राहिला. बायकांच्या हस्तकला विकून त्यांना आधार द्यायचा, ही कल्पना आज जगभर रुळली आहे. अमेरिकेतल्या एडना रूथ बायलर यांनी १९४६ मध्ये पोर्टो रिकोतल्या बायकांचं भरतकाम पाहिलं आणि ते नेऊन आपल्या ओळखीपाळखीत विकायला सुरुवात केली. त्यातूनच पुढे ‘टेन थाउजंड व्हिलेजेस’ ही दुकानांची साखळी उभी राहिली. आपल्याकडे ‘महालक्ष्मी सरस’ किंवा ‘भीमथडी जत्रा’ इथे खरेदी करणाऱ्याच्या मनातही काहीशी तीच भावना असते: वस्तू घेतली, बाईला हात दिला. माझं म्हणणं असं की, विक्री झाली म्हणजे आधार मिळाला, असं आपोआप होत नाही. वस्तूची किंमत बाईच्या तासांपासून सुरू होऊन वर चढते की दुकानातल्या चिठ्ठीपासून सुरू होऊन तिच्यापर्यंत घसरत येते, यावर सगळं अवलंबून असतं.

याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आंध्र प्रदेशात, पश्चिम गोदावरी जिल्ह्यातल्या नरसापूर परिसरात सापडतो. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी तिथल्या बायकांना क्रोशाची लेस विणायला शिकवली. पुढे ही लेस परदेशी जाऊ लागली आणि तिच्यावर मोठा निर्यात व्यापार उभा राहिला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस तिथे राहून केलेला अभ्यास १९८२ मध्ये पुस्तकरूपाने आला. त्यात दिसलेलं चित्र असं: बाई घरकाम सांभाळून रोज कित्येक तास विणायची; कुणी फुलं करायची, कुणी ती जोडायची; सूत व्यापाऱ्याकडून यायचं आणि मजुरी नगावर मिळायची. व्यापारी आणि निर्यातदार झाले ते पुरुष. बायकांची गणना मात्र ‘गृहिणी’ अशीच होत राहिली, रिकाम्या वेळात चार पैसे मिळवणाऱ्या गृहिणी. घराबाहेर न पडणं हे ज्या जातींत प्रतिष्ठेचं लक्षण होतं, त्या जातींतल्या बायकांना तर आपण मजूर आहोत असं म्हणवून घेणंही कमीपणाचं वाटे. इथे विक्री होत नव्हती असं नाही. उलट जगाच्या बाजारात विक्री जोरात होती. पण जिला कामगार म्हणून कुणी ओळखतच नाही, तिचे तास धरायचे कुठे? व्यापार जितका वाढला तितका तो याच न धरलेल्या तासांवर वाढला.

आकडे मांडून पाहिले की हे आणखी उघड होतं. उदाहरणादाखल समजा, उशीच्या एका अभ्र्याच्या भरतकामाचे ४०० रुपये ठरले. बाई रोज चार तास बसली आणि काम बारा दिवस चाललं, तर ४८ तास झाले. म्हणजे तासाला साडेआठ रुपयेही पडले नाहीत. तोच अभ्रा शहरात दोन हजारांना गेला, तर घेणाऱ्याला वाटतं आपण चांगली किंमत मोजली, आणि ते खोटंही नसतं. मधले सोळाशे कुठे गेले, हे समजायचं तर कामाची साखळी पाहावी लागते. लखनौच्या चिकनकामात ती नीट दिसते. कापड येतं ठोक व्यापाऱ्याकडून. ते बेतून शिवतो शिंपी. लाकडी ठशांनी, धुतल्यावर निघून जाणाऱ्या रंगात नक्षी उठवतो छिपी. मग ते घरोघर बायकांकडे जातं. मुर्री, फंदा, बखिया, जाळी असे निरनिराळे टाके घातले जातात, बरेचदा एकाच कुर्त्यावर वेगवेगळ्या हातांनी. शेवटी धोबी छाप्याचा रंग काढून कापड शुभ्र करतो आणि माल परत व्यापाऱ्याकडे जातो. या सगळ्यात सर्वाधिक वेळ खाणारा टप्पा बाईकडे आहे. कापड तिचं नाही, नक्षी तिची नाही, गिऱ्हाईक कोण हे तिला ठाऊक नाही. शिवाय धुलाईपर्यंत गेल्यावर काम नापास झालं, तर कापलेली मजुरी मात्र तिची. दर ठरवण्यासाठी हातात काहीतरी असावं लागतं. तिच्या हातात फक्त सुई असते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: तासाला आठ रुपये हे शून्यापेक्षा बरेच. घराबाहेर पडायची मुभा नाही, शेतात काम नाही, लहान मुलं पदरात. अशा बाईला घरबसल्या जे मिळतं ते मोडीत कशाला काढायचं? आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. लखनौत काम वाटणाऱ्या मध्यस्थ कित्येकदा त्याच मोहल्ल्यातल्या बायका असतात. त्या अडीनडीला उचल देतात, बुरखा-पडद्याच्या मर्यादा समजून दारापर्यंत काम आणतात. त्यांना ‘दलाल’ म्हणून एका फटक्यात बाजूला सारलं, तर बाईचं काम आणि तिची उचल दोन्ही जातात. म्हणूनच मध्यस्थ नको असं नुसतं म्हणून भागत नाही. मध्यस्थ जी गरज भागवतो, ती भागवणारी दुसरी सोय उभी करावी लागते. न्याय्य व्यापाराच्या जागतिक संघटनेच्या नियमांत हस्तकलेच्या मालासाठी, कारागिरांनी मागितल्यास किमान निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी अशी तरतूद आहे, ती यासाठीच. घरी बसून केलेलं काम संघटित होऊ शकत नाही, हेही खरं नाही. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी सुरू केलेल्या ‘लिज्जत’मध्ये बायका पीठ घरी नेतात, पापड लाटून दुसऱ्या दिवशी आणून देतात आणि लाटण्याची मजुरी घेतात. काम घरीच होतं, तरी प्रत्येक भगिनी संस्थेची भागीदार असते. पापड म्हणजे हस्तकला नव्हे, हे मान्य. पण उंबरठा न ओलांडताही बाई मालक होऊ शकते, एवढं त्यातून सिद्ध होतं.

दुसरा आक्षेप बाजाराचा आहे. तासांप्रमाणे दर लावला तर वस्तू इतकी महाग होईल की गिऱ्हाईक सुरतेच्या यंत्रावरचं भरतकाम घेईल आणि बाईच्या हातात काहीच उरणार नाही. यात अर्धं तथ्य आहे. दुकानदाराचं भाडं, न खपलेला माल, परत आलेली पार्सलं, सवलती, प्रदर्शनातल्या गाळ्याचे पैसे, हे सगळं खरंच असतं. उत्पादन खर्चाच्या दुप्पट-तिप्पट किंमत दिसली की ती लूटच, असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण स्वस्ताईत हाताचं काम यंत्राला कधीच हरवू शकणार नाही. दर कितीही पाडला तरी संगणकावर चालणारं यंत्र त्याच्याही खाली जाईल. म्हणजे मजुरी कमी ठेवून ही शर्यत जिंकता येत नाही, फक्त लांबवता येते, आणि लांबवण्याचा खर्च बाई आपल्या डोळ्यांनी भरते. यंत्राला जे जमत नाही त्यावरच उभं राहणं हा एकमेव मार्ग आहे: सुफसारखं मनातून उतरणारं काम, जे प्रत्येक तुकड्यावर थोडं वेगळं होतं. त्यासाठी बाईला टाक्याबरोबर नक्षीचाही विचार करू द्यावा लागतो.

कच्छमध्ये या दिशेने जे घडलं, ते म्हणून महत्त्वाचं. १९६९च्या दुष्काळात चंदाबेन श्रॉफ धाणेटी गावात मदतकार्यासाठी गेल्या. तिथल्या बायकांना फुकटचं अन्न घ्यायला संकोच वाटत होता, काम हवं होतं. त्यांच्या भरतकामातून ‘सृजन’ ही संस्था उभी राहिली. पुढे १९९३ मध्ये सुमरासर शेख इथे सुरू झालेल्या ‘कला रक्षा’ने आणखी एक पाऊल टाकलं आणि २००५ मध्ये कारागिरांसाठीच रचनेचं विद्यालय काढलं. जुडी फ्रेटर यांनी आखलेल्या या शिक्षणात रंग, रचना, बाजाराची ओळख, वस्तूची सफाई आणि मांडणी असे विषय होते. वर्ग थोड्या थोड्या दिवसांचे, वर्षभरात विखुरलेले, म्हणजे घर आणि काम दोन्ही सुटू नयेत. शहरातला डिझायनर नक्षी काढून देणार आणि बाई फक्त टाके भरणार, ही वाटणी इथे मोडली. ज्या बाईने वस्तूची कल्पना केली, तिला वस्तूचा दर सांगताना बोलायला आधार मिळतो.

‘बाजारासाठी बदललं की परंपरा बिघडते’ असं म्हणणाऱ्यांनी याच कच्छमधली एक घटना लक्षात घ्यावी. १९९५ मध्ये ढेबरिया रबारी समाजाच्या पंचांनी स्वतःच्या वापरासाठी भरतकाम करण्यावर बंदी घातली, कारण लग्नाचे कपडे भरून होईपर्यंत मुलींचं सासरी जाणं लांबत होतं. म्हणजे वेळाची किंमत शेवटी समाजालाही मोजावीच लागली, फक्त ती मोजली भरतकाम थांबवून. त्यानंतर तयार पट्ट्या शिवून कपडे सजवण्याची नवी रीत बायकांनीच काढली. परंपरा जशीच्या तशी राखायची असेल, तर तिचे तास कुणीतरी भरायला हवेत. ते घेणाऱ्याने भरले नाहीत, तर बाई भरते, आणि तिलाही परवडेनासं झालं की परंपरा बंद पडते.

तेव्हा या क्षेत्रातली दयेची भाषा आता बाजूला ठेवायला हवी. चिठ्ठीवर बाईचा फोटो आणि तिच्या हालअपेष्टांची चार वाक्यं छापली की एकदा खरेदी होते, दुसऱ्यांदा होत नाही. आणि फोटोमुळे तिची मजुरीही वाढत नाही. त्याच चिठ्ठीवर कामाला लागलेले तास आणि करणारीला मिळालेली रक्कम छापायला काय हरकत आहे? ज्या संस्था खरोखर आधार देतात त्यांना हे अवघड जाणार नाही, आणि ज्यांना अवघड जाईल त्यांचंही उत्तर मिळेलच. कायद्याच्या दारात मात्र कामगार ही ओळख सहज मिळत नाही. १९७२ मध्ये इलाबेन भट्ट स्वयंरोजगार करणाऱ्या बायकांच्या ‘सेवा’ची कामगार संघटना म्हणून नोंदणी करायला गेल्या, तेव्हा मालकच नाही तर संघटना कुणाविरुद्ध, असा प्रश्न त्यांना विचारला गेला होता. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये घरबसल्या काम करणाऱ्यांना इतर कामगारांच्या बरोबरीने वागवण्याचा करार केला, पण भारताने अजून तो स्वीकारलेला नाही. कायदा येईल तेव्हा येईल. तोवर प्रदर्शनात वस्तू हातात घेणाऱ्याला एक प्रश्न विचारता येतो: हिला किती तास लागले, आणि त्या तासांचे किती दिले? घासाघीस त्यानंतर करावी. बहुतेकदा ती करावीशी वाटणार नाही.