ठोका चुकतो, दिवस चुकत नाही

गडचिरोलीच्या आरोग्याचा इतिहास लिहायचा झाला तर १९९५ हे साल दोनदा लिहावं लागेल. धानोरा रस्त्यावरच्या शोधग्राममधून डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने त्या वर्षी ३९ गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी आणि उपचार सुरू केले. गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायका बाळाचा श्वास मोजू लागल्या, वजन करू लागल्या, जंतुदोष ओळखून औषध देऊ लागल्या. आणि त्याच वर्षी, वयाच्या ४४व्या वर्षी, डॉ. अभय बंगांना हृदयविकाराने गाठलं.

या दोन्ही गोष्टींचं पुढे काय झालं, हे आज तीस वर्षांनी स्पष्ट दिसतं. त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू तिसऱ्या वर्षापर्यंत ६२ टक्क्यांनी कमी झाले. डिसेंबर १९९९मध्ये ‘द लॅन्सेट’ने ते निष्कर्ष छापले आणि पुढे ही पद्धत देशभरातल्या आशाताईंच्या कामाचा भाग झाली. डॉ. बंगांनी आपल्या आजाराची कहाणी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात लिहिली. ते २००० साली राजहंस प्रकाशनाने काढलं आणि मराठी घराघरांत पोचलं. २००३मध्ये महाराष्ट्र भूषण, २०१८मध्ये आदिवासी आरोग्यावरच्या राष्ट्रीय तज्ज्ञ समितीचा त्यांच्या अध्यक्षतेखालचा अहवाल, त्याच वर्षी दोघांना पद्मश्री. आजारपणानंतर उरलीसुरली वर्षं काढायची असतात, असं आपण धरून चालतो. इथे तर कामाची सगळ्यात भरघोस वर्षं आजारानंतरची निघाली.

हा हिशेब मी पुन्हा पुन्हा मांडते, कारण मला त्याची गरज पडते. मी ब्रह्मपुरीची. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत शाळेवर नोकरी केली. चाळिशीत माझ्या हृदयाचा ताल पहिल्यांदा बिघडला आणि तेव्हापासून तो अधूनमधून बिघडतोच आहे. आजाराचं नाव एट्रियल फिब्रिलेशन. हृदयाला आकुंचनाचा हुकूम देणारी विजेची लहर एरवी एका ठरलेल्या जागेवरून निघते. या आजारात वरच्या कप्प्यांत भलत्याच ठिकाणांहून लहरी उठतात, मिनिटाला साडेतीनशेच्याही वर. कप्पे नीट आकसत नाहीत, नुसते थरथरतात. खालच्या कप्प्यांपर्यंत त्यातल्या काहीच लहरी पोचतात, पण त्याही वेड्यावाकड्या. छातीत पाखरू अडकून फडफडावं तसं होतं, हातपाय गळतात, दम लागतो. काही तास असं चालतं आणि मग आपोआप सगळं जागेवर येतं. पुढच्या वेळेपर्यंत.

ही ‘पुढची वेळ’ हाच या आजाराचा खरा त्रास. मोडलेलं हाड सांधतं, ताप उतरतो. ताल बिघडण्याचं तसं नाही. तो गेला म्हणायची सोय नसते. सुरुवातीच्या वर्षांत आमच्या भागात अडचण अशी की, त्रास सुरू झाला की गाडी बघायची, दवाखाना गाठायचा आणि ईसीजीची पट्टी निघेपर्यंत ठोके सरळ झालेले असायचे. पट्टी साफ. मग कोणी म्हणे गॅस, कोणी म्हणे वय झालं. शेजारच्या काकू मायेने म्हणायच्या, “मॅडम, मनाला लावून घेऊ नका जी.” पण निदान होत नव्हतं तोवर मनाला लागणारच होतं. नागपूर ब्रह्मपुरीपासून शंभरावर किलोमीटर. सिरोंच्याच्या माणसाला तर गडचिरोलीला यायलाच दोनशेच्या आसपास किलोमीटर तुडवावे लागतात. शेवटी नागपुरात चोवीस तास अंगावर बांधून ठेवायचं होल्टर यंत्र लावलं, त्यात ताल पकडला गेला आणि आजाराला नाव मिळालं. नाव मिळालं त्या दिवशी मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं.

तरी भीती लगेच गेली नाही. भीती माणसाचा नकाशा लहान करते. आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडशाच्या नाटक मंडळ्या गावोगाव जातात आणि मंडपात रात्रभर नाटक चालतं. मी जाणं सोडलं. महाशिवरात्रीची मार्कंडाची जत्रा सोडली. रात्री कुठे त्रास झाला तर काय, या एका प्रश्नावर सगळं अडायचं. झटका वर्षातून मोजक्या वेळा यायचा, पण बाकीचे सगळे दिवस मी त्याच्या नावावर गहाण टाकले होते.

त्या काळात डॉ. बंगांचं पुस्तक पुन्हा हाती घेतलं. त्यांचा आजार माझ्याहून वेगळा. त्यांच्या हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिनीचा प्रश्न, माझा विजेच्या लहरीचा. एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. पण एक गोष्ट दोघांना लागू होती. ‘हे मलाच का’ या प्रश्नावर ते थांबले नाहीत. आपला दिवस कसा जातो, आपण खातो काय, धावतो किती, रागावतो कशावर, हे त्यांनी एखाद्या रुग्णाची तपासणी करावी तसं तपासलं. अमेरिकेतल्या डॉ. डीन ऑर्निश यांनी आहार, चालणं, योग, ध्यान आणि माणसांचा आधार यांवर उभा केलेला कार्यक्रम अभ्यासून स्वतःवर राबवला. आजाराने विचारलेल्या प्रश्नांना त्यांनी रोजच्या वागण्यातून उत्तर दिलं.

दुसरी गोष्ट शिकवली ती त्यांच्या आणखी जुन्या कामाने. लहान मुलांचा न्यूमोनिया ओळखायचा तर मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं. गावातल्या सुईणींना मोठे आकडे मोजता येत नव्हते. म्हणून ‘सर्च’ने एक साधं उपकरण केलं. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि सोबत सरकवायचे मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपेपर्यंत मणी ठरलेल्या खुणेपलीकडे गेले तर बाळाला न्यूमोनिया आहे असं धरायचं. ज्या बाईला काल नुसतं ‘बाळ घाबरं झालं’ एवढंच दिसत होतं, तिला आज काय झालं ते कळत होतं आणि काय करायचं तेही.

मी स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवायला शिकले ती या धड्यावरून. आरामात बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी साधारण ६० ते १०० असते. ती पूर्ण मिनिटभर मोजायची, आणि आकड्याइतकंच ठोक्यांमधलं अंतर सारखं आहे का तेही बघायचं. वहीत वेळ, आकडा, आदल्या दिवशीची झोप, जेवण, ऊन, दगदग लिहून ठेवायचं. काही महिन्यांत वही बोलू लागली. जागरणानंतर, उन्हातून आल्यावर, रात्री उशिरा पोटभर जेवल्यावर ताल जास्त बिघडतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. घामावाटे पाणी आणि क्षार जातात, आणि पोटॅशियम, मॅग्नेशियम कमी झालं की हृदयाची वीज लवकर बिथरते. हे कळल्यावर उन्हाळा वैरी राहिला नाही. सकाळी लवकर कामं उरकायची, दुपारी घर, आणि डॉक्टरांना विचारून ठरवलेलं पाणी, ताक, लिंबू सरबत.

तालाच्या आजारांबद्दलचं जगाचं ज्ञान तर माझ्या वहीच्या कितीतरी आधीपासून पुढे सरकत होतं. ८ ऑक्टोबर १९५८ला स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांना शरीराच्या आत बसवायचा जगातला पहिला पेसमेकर बसवला गेला. त्यांच्या हृदयाचे ठोके मध्येच थांबायचे, दिवसातून अनेकदा शुद्ध जायची. पहिलं यंत्र काही तासांतच बंद पडलं. पुढे वीसहून अधिक वेळा यंत्रं बदलली. आणि लार्सन जगले २००१पर्यंत, ८६ वर्षांचे होऊन. शेवटही हृदयाने केला नाही, त्वचेच्या कर्करोगाने केला. १९९८मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉ. मिशेल आइसागेर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की, एट्रियल फिब्रिलेशनच्या भलत्या लहरी बहुतेकदा फुफ्फुसांकडून येणाऱ्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी उगवतात. तिथल्या पेशी निकामी करण्याचा उपचार, अब्लेशन, त्यातूनच रुजला.

रुग्णाच्या स्वतःच्या हातात काय, याचंही उत्तर मिळत गेलं. २०१३मध्ये अमेरिकेत डॉ. धनंजय लक्कीरेड्डी यांनी छापलेल्या छोट्या अभ्यासात तीन महिने योग केल्यावर रुग्णांना जाणवणारे झटके जवळपास निम्म्यावर आले आणि चिंता, उदासीही कमी झाली. २०१५मध्ये ऑस्ट्रेलियातल्या अॅडलेडच्या अभ्यासात ज्या जाड रुग्णांनी दहा टक्के वा अधिक वजन उतरवून टिकवलं, त्यांचा ताल सरळ राहण्याची शक्यता सहापट दिसली. २०२०मध्ये ऑस्ट्रेलियातच नियमित पिणाऱ्या रुग्णांना दोन गटांत विभागलं. दारू सोडलेल्यांपैकी ५३ टक्क्यांचा ताल सहा महिन्यांत पुन्हा बिघडला, न सोडलेल्यांपैकी ७३ टक्क्यांचा.

हे शेवटचे आकडे वाचताना मला आमच्या भागातल्या बायकांची आठवण आली. दारूबंदीसाठी त्या रस्त्यावर उतरल्या, १९९३मध्ये गडचिरोलीत बंदी झाली. २०१५मध्ये चंद्रपुरात झाली आणि २०२१मध्ये उठली. बंदीवर वाद होत राहतील. पण ज्याचा ताल बिघडतो त्याच्यासाठी घरातली बाटली बंद होणं हा उपचारच आहे, आणि गावाने त्याला त्यासाठी हात दिला पाहिजे.

या मागोव्यातली सगळ्यात गंभीर नोंद २०१५ची आहे. ‘सर्च’मधले डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. पहिल्या क्रमांकावर मलेरिया नव्हता, क्षय नव्हता. पक्षाघात होता, एकूण मृत्यूंच्या सुमारे १४ टक्के. त्यामागे रक्तदाब हे मोठं कारण. पण ताल बिघडलेल्या हृदयाचाही पक्षाघाताशी थेट संबंध आहे. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूकडे जाते. अशा रुग्णाला पक्षाघाताचा धोका इतरांच्या सुमारे पाचपट. म्हणून ज्यांना डॉक्टर रक्त पातळ करणारी गोळी देतात, त्यांनी बरं वाटतंय म्हणून ती सोडू नये. त्यातली वॉरफरिन घेणाऱ्याला रक्ताची तपासणी वेळोवेळी करावी लागते. पावसाळ्यात तरोटा, अंबाडीची भाजी एकदम भरपूर आणि मग महिनाभर नाही, असं केलं तर गोळीचा मेळ बिघडतो; पालेभाजी सोडायची नाही, प्रमाण सारखं ठेवायचं. नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही. मात्र लहानपणच्या दुर्लक्षित घसादुखीतून संधिवाताचा ताप येऊन ज्यांची झडप आकसली, त्यांच्यासाठी वॉरफरिनच अधिक चांगलं, असं २०२२मध्ये छापलेल्या मोठ्या अभ्यासाने दाखवलं. गरीब जिल्ह्यांत असे तरुण रुग्ण आजही भेटतात.

माझं अब्लेशन झालं. दोनेक वर्षं शांततेत गेली आणि मग एका पहाटे तीच फडफड परत आली. ते दिवस जड गेले, हे लपवण्यात अर्थ नाही. पण पहिल्या वर्षांची मी आणि त्या पहाटेची मी यांत मोठं अंतर पडलं होतं. नाडी मोजली, वेळ लिहिली, ठरलेली गोळी घेतली, आमच्या ह्यांना उठवलं, टेकून बसले. छातीत दुखलं, शुद्ध हरपली, दम वाढला, तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला तर क्षणही न थांबता दवाखाना, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. काही तासांनी ताल जागेवर आला. दुपारी मी शाळेत होते. झटके आता पहिल्याहून कमी येतात आणि आले तरी माझा अख्खा महिना घेऊन जात नाहीत.

सकारात्मक राहा, असं रुग्णाला सगळेच सांगतात. काहीही होणार नाही असं स्वतःला समजावणं मला कधी जमलं नाही, आणि ते खरंही नव्हतं. मला बळ दिलं ते ‘होईल, आणि तेव्हा काय करायचं ते मला ठाऊक आहे’ या वाक्याने. हे वाक्य नुसतं म्हणून येत नाही. त्यामागे रोजचं चालणं, प्राणायाम, वेळेवर झोप, वेळेवर गोळी आणि घरच्यांची साथ असावी लागते. मी पुन्हा नाटकाला जाते. रात्रभर नाही, पहिला अंक बघून परतते. जत्रेलाही जाते, ऊन चढायच्या आत.

आता चंद्रपुरात २०१५पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीतही अलीकडे झालं. पण तालाचा आजार पकडायला पहिली गरज आहे ती नाडीवर ठेवलेल्या बोटांची. ज्या जिल्ह्याच्या बायकांनी मणी सरकवून बाळं वाचवली, त्या जिल्ह्यात पासष्टीपुढच्या प्रत्येकाची नाडी गावातच बघितली जाणं अशक्य नाही. आशाताईने रक्तदाब मोजताना मिनिटभर नाडीही बघावी, ठोके वेडेवाकडे लागले तर लगेच ईसीजीला पाठवावं. आणि ज्याचं निदान झालं त्याला गावातल्या दुसऱ्या जुन्या रुग्णाने जाऊन भेटावं, नाडी मोजायला शिकवावं, वहीला सुरुवात करून द्यावी. मी हे करू लागले आहे. समोरच्याची बोटं स्वतःच्या मनगटावर नीट बसली की त्याची अर्धी भीती तिथेच उतरते, हे मी अनेकदा पाहिलं आहे. उरलेल्या अर्ध्या भीतीसाठी औषध आहे, डॉक्टर आहेत आणि आम्ही आहोत.