दोघांची मिसळ

नाशकात रविवार उजाडतो तो मिसळीवर. मोड आलेली मटकी, वर शेव, शेजारी काळा रस्सा, पापड, पाव आणि दही. पहिल्याच घोटाला माझ्या डोळ्यांत पाणी येते आणि दह्याची वाटी माझ्याकडे सरकते. ती सरकवणारा माझा जोडीदार. आम्ही दोघे पुरुष. पंधरा वर्षे एका घरात नांदतो आहोत.

"सख्खे भाऊ का हो?" वाढणारे काका विचारीत.

"चुलत!" म्हणून मी वेळ मारून नेई.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आमचे प्रेम गुन्ह्यातून वगळले. लगेचच्या रविवारी मी काकांना सांगून टाकले, "भाऊ नाही हो, आम्ही जोडपे आहोत." काकांनी क्षणभर पाहिले आणि विचारले, "रस्सा वाढू?"

त्या दिवशी मी दोन पाव जास्त खाल्ले.

संध्याकाळी मेन रोडला साबुदाणा वडा, मग गंगेवर फेरी. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो.) पावसाळ्यात दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी चढले ते पाहायचे, आणि पैज हरणाऱ्याने जिलबी द्यायची. बहुधा मीच हरतो.

२०२३ साली न्यायालयाने आमच्यासारख्यांच्या लग्नाला मान्यता दिली नाही. मात्र २०२४ मध्ये केंद्राच्या अन्न खात्याने राज्यांना कळवले, की शिधापत्रिकेसाठी अशा जोडप्यांना एकाच कुटुंबातले धरावे. खवय्याला आणखी काय हवे? मी तातडीने अर्ज आणला. भरायला बसलो तो जेवणाच्या टेबलावर, रविवारी सकाळी. 'नाते' या रकान्यावरच रस्सा सांडला.

आता दुसरा अर्ज आणायचा आहे.