शेजाऱ्याच्या दारातलं आर्सेनिक

सांडलेलं तेल खाऊन फस्त करणारे जिवाणू असतात. तेल म्हणजे कार्बनच्या साखळ्या. त्या तुटल्या की शेवटी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं. आर्सेनिकच्या बाबतीत ही सोय नाही. ते मूलद्रव्यच आहे. त्याचं रूप बदलता येतं, जागा बदलता येते, पण ते संपवता येत नाही. ‘विष पचवणारे जिवाणू माती शुद्ध करणार’ असा मथळा दिसला की मी म्हणूनच आधी विचारतो, मग ते आर्सेनिक गेलं कुठे?

बंगालच्या भातखाचरांत हा प्रश्न फार जवळचा आहे. तळ्यांच्या पाण्यातून पसरणारे पटकी-हगवणीसारखे आजार टाळायचे म्हणून पश्चिम बंगाल आणि बांगलादेशात १९७० च्या दशकापासून कूपनलिका धडाधड खोदल्या गेल्या. पुढे १९८३ मध्ये कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी तिथल्या रुग्णांच्या त्वचेवरच्या डागांमागचं आर्सेनिक ओळखलं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅमची. कितीतरी कूपनलिका तिच्या पुष्कळ वर होत्या. उथळ कूपनलिकांचं तेच पाणी ‘बोरो’ या उन्हाळी भातालाही दिलं जातं आणि खाचरात आर्सेनिकची भर पडत राहते.

या मातीतले जिवाणू तगतात कसे? आर्सेनेट हे रूप फॉस्फेटशी इतकं मिळतंजुळतं, की फॉस्फेटच्या दारातूनच ते पेशीत शिरतं. आत ‘आर्स-सी’ नावाचं विकर त्याचं आर्सेनाइट बनवतं आणि पेशीच्या पटलातला पंप ते बाहेर फेकतो. ही जनुकं दुर्मीळ नाहीत. आपल्या आतड्यातल्या ई. कोलायकडेही ती आहेत. थोडक्यात, प्रतिकार म्हणजे आपलं अंगण झाडून कचरा शेजाऱ्याच्या दारात लोटणं. त्यातही बाहेर पडलेलं आर्सेनाइट मूळ आर्सेनेटपेक्षा अधिक विषारी आणि मातीत अधिक चपळ.

शेजारी कोण, तर भाताचं मूळ. भाताला सिलिकॉन भरपूर लागतं. आर्सेनाइट मुळात शिरतं ते याच सिलिकॉनच्या वाटांनी, हे जपानमधल्या जियान फेंग मा यांच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं.

पण मूळही गप्प बसत नाही. पाण्यात बुडालेलं भाताचं रोप पोकळ ऊतींतून हवा खाली धाडतं. मुळातून थोडा ऑक्सिजन झिरपतो आणि मुळावर लोहाच्या गंजाचा तांबूस थर चढतो. या पट्ट्यात राहणारे काही जिवाणू उलटं काम करतात. ते आर्सेनाइटचं पुन्हा आर्सेनेट करतात आणि ते गंजाला चिकटून बसतं. तिथून काही मिलिमीटरवर मात्र ऑक्सिजन संपलेला असतो. तिथले लोहावर श्वास घेणारे जिवाणू गंज विरघळवतात, आणि अडकलेलं आर्सेनिक मोकळं होतं.

तिसऱ्या तऱ्हेचे जिवाणू आर्सेनिकला मिथाइल गट जोडतात. त्यातलं थोडं वायू होऊन उडून जातं. बरं वाटावं अशी गोष्ट. पण भाताला स्वतःला हे रसायन जमत नाही, आणि जिवाणूंनी बनवलेलं मिथाइलयुक्त आर्सेनिक रोपात शिरून लोंबीपर्यंत पोहोचलं, तर दाणा भरत नाही. पोचट लोंब्या वजनाअभावी ताठ उभ्या राहतात. अमेरिकेच्या दक्षिणेत, आर्सेनिकयुक्त फवारण्या झालेल्या जुन्या कापसाच्या शेतांत भात लावल्यावर हा रोग दिसला होता.

म्हणून आर्सेनिक मिसळलेल्या काचेच्या बशीत एखादा जिवाणू वाढला, यावरून तो जगला एवढंच कळतं. असे काही जिवाणू मुळांची वाढ करणारी संप्रेरकं बनवतात, लोह मिळवून देतात, रोप तरारतं. तरी निकाल दाण्यातलं आर्सेनिक मोजूनच लागायला हवा. या क्षेत्रात घाई महाग पडते. कॅलिफोर्नियातल्या मोनो सरोवरातला जिवाणू डीएनएमध्ये फॉस्फरसऐवजी आर्सेनिक वापरतो, असा दावा २०१० मध्ये गाजला. दोन वर्षांत तो खोडला गेला. उलट तो जिवाणू फॉस्फेट अचूक निवडून घेतो, असं निघालं.

माती खरोखर हलकी करायची तर आर्सेनिक उचलून न्यावं लागतं. टेरिस विटाटा हे नेचं ते करतं. फ्लोरिडातल्या दूषित जागेवर लीना मा आणि सहकाऱ्यांना ते सापडलं. त्यांचं संशोधन २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या पानांत कोरड्या वजनाच्या २ टक्क्यांहून अधिक आर्सेनिक साठू शकतं. इथे मात्र मुळांभोवतीच्या जिवाणूंची आर्सेनिक मोकळं करण्याची खोड उपयोगी पडते, कारण मोकळं झालेलं आर्सेनिक नेचं ओढून घेतं. मग पानं कापायची. ती जाळली तर आर्सेनिक धुरात जाणार, खतात घातली तर परत शेतात. म्हणून कापणीचा खर्च मांडताना त्या पानांच्या विल्हेवाटीचा खर्चही आधीच धरावा लागतो.