काठीची पारख

तंजावर जिल्ह्यातील पापनाशमसारख्या गावी वाढणाऱ्या मराठी मुलाला सिलंबम हा तमिळ मुलखातील काठीचा खेळ शिकण्याची हौस वाटली, तर आरंभीच झकपक पोशाखाच्या मागे लागू नये. प्रथम काठी पारखावी. वेळूची ती काठी उभी धरली असता मुलाच्या कपाळापर्यंत पोहोचावी. तिची पेरी तासलेली असावीत आणि कोठेही चीर नसावी. चिरलेला वेळू ऐन खेळात फुटला, तर डोळाच जावयाचा! कपडे अंगाबेताचे, बिनघोळाचे असावेत. जोडीदाराशी खेळताना शिरस्त्राण अवश्य घालावे. आपल्याकडील फरी-गदग्यातही तलवारीच्या जागी चामड्याने मढविलेली छडीच असते. हात तयार व्हावा, पण सोबत्याला इजा होऊ नये, हेच या साधनांचे खरे प्रयोजन होय.